पाणाड्याच्या घरातली दगडवाली

आमच्या सृष्टीला लहानपणापासून दगडांचं वेड. वेड म्हणजे खरंच वेड, कौतुकानं म्हणत नाहीये मी. पाथर्डीहून नगरला जाताना करंजी घाटात तिनं एकदा एसटी थांबवायला लावली. कंडक्टरला वाटलं पोरीला उलटी होतेय, त्यानं घंटी मारली, तर ही बया खाली उतरून कापलेल्या डोंगराकडं बघत उभी. थर दिसतात म्हणे. अख्खी एसटी खोळंबली आणि आत्या म्हणून सगळ्यांची बोलणी मी खाल्ली.

घरात तर विचारूच नका. रव्याच्या डब्यात दगड, दप्तरात दगड, उशीखाली दगड. माझ्या भावजयीनं एकदा चांगला जड बघून एक दगड लोणच्याच्या बरणीवर ठेवला, तर हिनं तोंड फुगवलं. त्यात कसले तरी स्फटिक होते, ते लोणच्यानं खराब झाले. लोणचं खराब झालं त्याचं काय, ते कुणी विचारलं नाही.

हे वेड दुसऱ्या कुठल्या घरात चाललं असतं. पण हिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र, पंचक्रोशीतला नावाजलेला पाणाड्या. बोअर कुठं मारायचं ते हा सांगणार. चपला काढायच्या, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि रानातून नव्या नवरीसारखं हळूहळू चालायचं. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. काम झालं की तो नारळ आमच्या घरी येतो, त्यामुळं आमच्याकडं बारा महिने खोबऱ्याची चटणी.

आता ही विद्या ज्याचं रक्त ओ पॉझिटिव्ह त्यालाच येते, असं आमच्या भागात सगळे मानतात. म्हणून मच्छिंद्राचा जीव पोरांच्या रक्तात अडकलेला. शाळेत तपासणीचं शिबिर झालं तेव्हा थोरला पार्थ बी पॉझिटिव्ह निघाला. मच्छिंद्रानं असं डोकं धरलं की शेजाऱ्यांना वाटलं पोरगं नापास झालं. पुढं सृष्टी ओ पॉझिटिव्ह निघाली, तर यानं सगळ्या आळीला पेढे वाटले. पहिली बाई पाणाडी म्हणून पोरीचं नाव होणार, मोबाईलवर तिचे व्हिडिओ फिरणार, असं सांगत सुटला. माझंही रक्त ओ पॉझिटिव्हच आहे. माझ्या हातावर कुणी कधी नारळ ठेवला नाही, पण जाऊ दे, मी काही मनात ठेवत नाही.

सृष्टी बारावी सायन्स झाली आणि म्हणाली, मला नगरला कॉलेजात जिऑलॉजी घ्यायची, जमिनीच्या पोटात काय आहे ते शिकायचं. मच्छिंद्र म्हणाला, ते मी घरबसल्या शिकवतो. ती म्हणाली, नारळाला काही कळत नाही. झालं! त्या दिवसापासून बापलेकीचा अबोला. दोघं समोरासमोर ताटावर बसणार आणि मला मधे घालून बोलणार. अक्का, तिला सांग. आत्या, त्यांना सांग. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे, आणि माझी भाकरी गार व्हायची. तिकडं ॲडमिशनची मुदत संपत आली होती, आणि बाप हो म्हटल्याशिवाय पोरीचं पाऊल हलणार नव्हतं. तिचा उतरलेला चेहरा मला बघवायचा नाही, खोटं कशाला बोलू.

त्यातच भागवतशेठ उगवले. शेठनी नगर रोडला मोठं मंगल कार्यालय बांधलंय. कमान झाली, कारंजं झालं, नवरीच्या खोलीत एसी लागला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाणी नाही. शेठ मच्छिंद्राला बोलवायला आले, तेव्हा मी वैतागून म्हणाले, बापलेकीला दोघांनाही न्या आणि एकेक जागा दाखवू द्या, म्हणजे माझं जेवण तरी सुखाचं होईल. शेठ हौशी माणूस, त्यांना गंमत वाटली. ठरलं असं की सृष्टीच्या जागी पाणी लागलं तर ती नगरला जाणार, मच्छिंद्राच्या जागी लागलं तर ती मुकाट्यानं नारळ हातात घेणार. दोन्हीकडं लागलं तर काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सृष्टीनं मात्र माझ्यामार्फत एक अट घातली, की बोअरची गाडी आल्यावर पप्पांनी तिथंच थांबायचं.

ही अट ऐकून मच्छिंद्राचा घास अडकला. कारण आमच्या आज्यापासून चालत आलेली पद्धत अशी, की जागा दाखवायची, नारळ पिशवीत घालायचा आणि गाडी यायच्या आत घर गाठायचं. पाणाड्या समोर असला की पाणी बुजतं. त्यामुळं मच्छिंद्रानं उभ्या जन्मात बोअर मारताना पाहिलेलं नव्हतं. ज्यांना पाणी लागतं ते पेढे घेऊन घरी येतात. ज्यांना लागत नाही ते आपलंच नशीब फुटकं म्हणून गप्प बसतात. मच्छिंद्राला फक्त पेढेवाले ठाऊक, म्हणून तो छातीवर हात ठेवून सांगायचा की माझा नारळ कधी चुकला नाही. लबाड नाही हो तो. खरंच तसं समजायचा.

मच्छिंद्राचा नारळ नेमका स्वयंपाकघराच्या मागं उभा राहिला, जिथं शेठना पाणी हवंच होतं. मोठा मनमिळाऊ नारळ आहे तो. सृष्टी बिचारी ओढ्याकाठानं उन्हातान्हात हिंडली, लोकांच्या विहिरींत डोकावली, एकीत तर चष्मा पाडून आली. शेवटी, लाल थरापाशी पाणी साचतं म्हणत, तिनं जागा दाखवली ती नवरदेवाचा घोडा बांधायची. शेठनी कपाळाला हात लावला, पण शब्द दिला होता.

गाडी आधी तिच्या जागेवर लागली. अर्धं गाव बघायला. असा फुफाटा उडाला की सगळे गिरणीतून आल्यासारखे पांढरे झाले. सृष्टी मात्र भोकाजवळ फतकल मारून बसली आणि वर येणाऱ्या चुऱ्याचे ढीग ओळीनं लावायला लागली. काळा, मग करडा, मग पुन्हा काळा. पाण्याचा पत्ता नाही. मग एकाएकी लाल चुरा आला, तर ही टुणकन उडी मारून मला हाका मारायला लागली. आत्या बघ, लाल थर आला. मी म्हटलं, अगं मेले, तू हरतेयस. तिला ऐकूच गेलं नाही. गाडीवरच्या पोरांनी आणखी खाली जाऊन पाहिलं आणि मान हलवली. कोरडं.

मला रडू आलं. तीच मला म्हणाली, आत्या थांब, आणि उठून नाकाडोळ्यांतल्या धुळीसकट शेठपुढं उभी राहिली.

"काका, माझं चुकलं. मला वाटलं हुतं लाल थर वरच सापडंल. तो लई खाली निघाला, अन् त्यात पानी न्हाई."

असं कुणी तोंडावर सांगतं याची शेठना सवय नव्हती. ते गडबडले आणि त्यांनी तिला चहा पाजला.

मग गाडी मच्छिंद्राच्या जागेवर गेली. हा घामानं निथळत होता. दोनदा चपला शोधत निघाला, दोनदा मी दंडाला धरून परत आणलं. तिथंही काळा चुरा, करडा चुरा आणि नुसता फुफाटा. गाडी बंद झाली तसं सगळं गाव त्याच्याकडं बघायला लागलं. मला वाटलं आता हा म्हणणार, कुणीतरी चपला घालून जागा ओलांडली. त्यानं तोंड उघडलंही. पण त्या कोरड्या भोकाकडं तो बघतच राहिला, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला,

"अक्का, आधीबी असं हुत असंल का गं?"

मी म्हटलं, ज्यांना लागलं नाही ते पेढे घेऊन कशाला येतील? एवढ्यावरून त्याला बरोबर कळलं.

शेठ हट्टाला पेटले. म्हणाले, पैज राहू द्या बाजूला, आता दोघांनी मिळून तिसरी जागा सांगा, गाडी उभीच आहे. मच्छिंद्रानं नारळाला हात लावला नाही. कितीतरी दिवसांनी तो थेट लेकीशी बोलला. म्हणाला, तू सांग.

सृष्टीनं आपल्या ढिगांकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं. "मला न्हाई म्हाईत, पप्पा," ती म्हणाली. "शिकल्याबिगर न्हाई सांगता यायचं."

पाणाड्याच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मच्छिंद्रानं टोपी काढली, धूळ झटकली, परत घातली आणि शेठकडं वळला.

"शेठ, तीन वर्सं थांबा."

शेठ म्हणाले, अहो, दिवाळीनंतरच्या लग्नांच्या तारखा दिल्यात मी, तीन वर्षं कसला थांबतो.

"मग तवर टँकर बोलवा," मच्छिंद्र म्हणाला. "पोरगी शिकाया चाललीय."