फिल्टर मी काढला होता

प्रयोगशाळेत लेझर एकच होता आणि त्यावर हक्क सांगणारे संशोधक दोन, ती आणि मी. आमचं कधीच पटलं नाही. एकदा मी टेबल आवरलं नाही, तर तिने लेझरच्या पेटीवर कागद चिकटवला: ‘काढलेला फिल्टर परत लावावा. आवरायला आपली आई इथे येत नाही.’ सगळे हसले. मी नाही.

फिल्टर म्हणजे प्रकाश मंद करणारी काळपट काच. लेझरचा हिरवा प्रकाश पदार्थावर पडला की बहुतेक होता तसाच विखुरतो. अगदी थोडा अणूंच्या थरथरीला ऊर्जा देऊन किंचित बदललेल्या रंगाने परततो. त्या बदलाच्या आलेखावरून आम्ही पदार्थ ओळखायचो. पण प्रकाश झेपेल एवढाच हवा. जास्त झाला की नमुना तापतो, अणूंमधले बंध सैल होतात आणि आलेखावरची रेघ सरकते.

दुसऱ्या दिवशी माझ्या नमुन्याला जास्त प्रकाश लागणार म्हणून मी फिल्टर काढला आणि काम संपल्यावर परत लावला नाही. वीस वर्षं स्वतःला ‘विसरलो’ असं सांगत आलो. विसरलो नव्हतो. तिचं मोजमाप वाया जावं, एवढंच हवं होतं. पेटी उघडून बघायची पद्धत आमच्यात नव्हतीच. त्या रात्री तिने मोजलं, आणि सरकलेली रेघ बघून तिला वाटलं, काहीतरी नवीन हाती लागलं. सकाळी तिच्या आधी येऊन मी फिल्टर गुपचूप जागेवर बसवला.

सेमिनारमध्ये आमच्या मार्गदर्शक सरांनी तिचा आलेख बघितला. “नमुना भाजलात की हो! फिल्टर काढून मोजलंत ना?”

“नाही सर. फिल्टर होता.”

“असं? म्हणजे खोटं नमुना बोलतोय.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही काढला होतात?”

“मी हातही लावला नव्हता.”

त्यानंतर सरांनी तिच्या एकाही आलेखावर विश्वास ठेवला नाही. वर्षभरात तिने पीएचडी सोडली.

गेल्या महिन्यात विश्रांतवाडीला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने ‘बसा’ म्हटलं नाही.

“मी खोटं बोलले नव्हते हे मला तेव्हाही माहीत होतं. मग मला काय नवीन सांगितलंत?”

“माफी मागायला आलो होतो.”

“ती तुमची सोय. खोली भरून माणसं होती तेव्हा. त्यांना सांगा.”

सरांना पत्र टाकलं आहे. बाकीचे कुठे कुठे आहेत, ठाऊक नाही. म्हणून इथे लिहितोय. त्या दिवशी ती खरं बोलत होती. खोटं मी बोललो.