गायकवाडकाकांचा राग

गायकवाडकाका गेल्याचं मला मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. 'आपले सदैव हसतमुख, शांत स्वभावाचे, अजातशत्रू उत्तमकाका गायकवाड...' असा मजकूर आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी बसमध्ये होते, कामावर निघाले होते. रडू यायच्या आधी मला संताप आला. त्या मजकुरात ते गेले एवढंच खरं होतं. शांत? अजातशत्रू? या शहरात काकांइतका रागीट मराठी माणूस मी पाहिलेला नाही. आता दीड महिना झाला, तरी तो मेसेज आठवला की माझं डोकं फिरतं.

मी इथे साउथहॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. काका पहिल्यांदा माझ्याकडे गुडघा दाखवायला आले, तेव्हा बंदरातल्या क्रेनदुरुस्तीच्या नोकरीतून रिटायर झाले होते. "अगं हळू! पाय माझा आहे, कौन्सिलचा नाही!" असं ओरडून त्यांनी अख्खा वॉर्ड गोळा केला. पुढच्या खेपेला माझ्यासाठी सुकटीची चटणी घेऊन आले आणि डबा तिथेच उघडला. माझी इंग्लिश मॅनेजर दिवसभर खिडक्या उघडत फिरत होती. तिथून आमची मैत्री झाली. काकू आधीच गेल्या होत्या, मुलगी रीमा बर्मिंगहॅमला बँकेत. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची आणि ते स्वयंपाक करता करता भांडायचे. माझ्याशी नाही... जगाशी.

त्या भांडणाचं मूळ एका कपात होतं. काकांचे वडील पलटणीतले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून, जखमी होऊन, पदक घेऊन गावी आले. गावातल्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा, कान तुटलेला. चहा प्यायचा, स्वतः विसळायचा, परत खोचून ठेवायचा. एकदा ते छातीवर पदक लावून गेले, तरी कप तोच. त्यांनी तो उचलला आणि हॉटेलवाल्याच्या गल्ल्यावर आपटला. त्या दिवसानंतर त्यांना गावात राहू दिलं नाही. काका पुण्यात वाढले ते त्यामुळे. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि फोडणी करपायची, प्रत्येक वेळी.

मग ते तरुणपणी इथे आले. खोल्यांच्या जाहिरातींखाली 'गोरे भाडेकरूच हवेत' असं सरळ लिहिलेलं असायचं ते दिवस. शेवटी मिसेस हॉब्ज नावाच्या एका विधवा बाईंनी जागा दिली. त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं, की युद्धात इथे अमेरिकन सैन्य होतं, त्यात काळे सोल्जर्सही होते. "लव्हली बॉइज. कोपऱ्यावरच्या पबमध्ये मंगळवार आणि गुरुवार त्यांचे असायचे, बाकीचे वार गोऱ्यांचे." बाजाराचे वार सांगावेत तसं सांगितलं त्यांनी. त्यांच्याकडे एक फोटोही होता. धक्क्यावर पेट्यांच्या ढिगापाशी टेकलेले काळे सैनिक, एकजण हसतोय, कानामागे सिगरेट. त्यांच्यातल्या बहुतेकांना बंदूक दिलेली नव्हती. जहाजांवर दारूगोळा चढवणं, ट्रक हाकणं ही त्यांची लढाई. पेटी हातातून सुटली तर पेटीसकट माणूसही गेला असता. नॉर्मंडीला जे लढले ते या हातांनी चढवलेल्या गोळ्यांवर लढले. आणि संध्याकाळी तहान लागली तर आधी वार बघायचा! "वर्षा, वार म्हणजे तो कपच गं," काका म्हणायचे. "फक्त कॅलेंडरसारखा भिंतीवर टांगलेला."

मिसेस हॉब्जनी तो फोटो काकांना दिला. काकांनी मग वाचून काढलं, विचारत फिरले. हेच सैनिक अमेरिकेत परतले तेव्हा गणवेशातही त्यांना बसच्या मागच्या बाकांवर पाठवलं गेलं, आणि त्यांच्यातले कितीतरी तिथून उठले, मतासाठी, शाळेसाठी, बाकासाठी पुढची सगळी वर्षं लढले. "त्यांनीही कप आपटला," असं म्हणताना मात्र काकांचा चेहरा उजळायचा.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी इतिहासप्रेमींच्या गटाने युद्धकाळाचं प्रदर्शन भरवलं. काकांनी फोटो दिला, त्याखाली लिहायचं पबच्या वारांचं वाक्यही दिलं. आम्ही दोघं बघायला गेलो तर खाली छापलेलं, 'विश्रांती घेताना अमेरिकन सैनिक'. बस्स. काकांनी आयोजक बाईंना विचारलं, माझं वाक्य कुठे? त्या अगदी गोड हसल्या. "इट्स अ बिट पोलिटिकल, उत्तम. आणि खरं तर आपल्याकडच्या लोकांनी त्यांना खूप प्रेमाने वागवलं." "काहींनी वागवलं," काका म्हणाले. "ते पण लिहा. मग पबचे वारही लिहा." बाई पुन्हा हसल्या. काकांनी हात वर केला, बोर्डवरून फोटो काढला, कोटाखाली धरला आणि निघाले. एक स्वयंसेवक मागे धावला. "सर, यू कान्ट!" "माझा आहे," काका म्हणाले, "आणि तुमचा चहाही बंडल आहे."

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, इंग्रज आहेत. पण त्याच वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात काकांना दहा मिनिटं बोलायचं होतं. हा फोटो आणि वडिलांचा कप, दोन्हीबद्दल. आमच्या अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, इथे येऊन परत जातीचं कशाला? इथे आपण सगळे मराठी. फॅमिली इव्हेंट आहे, मुलं असतात." हसू तेच. अगदी त्या बाईंचंच. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्यासमोर धरली. गाडी मी चालवली.

आणि आता हेच लोक शोकसभेत उठून म्हणाले, "काकांनी कधी कुणाला दुखावलं नाही." मला मधेच उठायचं होतं. बुद्धवंदना चालू झाली म्हणून गप्प बसले. नंतर अध्यक्षांनी रीमाला बाजूला घेतलं. त्या इतिहासवाल्यांचा निरोप आला होता, त्यांना तो फोटो कायमचा लावायचाय, खाली 'कै. उत्तम गायकवाड यांच्या स्नेहपूर्ण भेटीतून' असं लिहून. "बेटा, देऊन टाक. बाबांचं नाव राहील. आपल्या कम्युनिटीचं पण."

रीमा इथे जन्मलेली. तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं, पण त्या दिवशी ती ते मुद्दाम बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अंकल, बाबा रोज अँग्री होता. ब्रेकफास्टला पण. तुम्ही त्याची राग काढून फक्त नाव ठेवणार?" वाट्यांत चिवडा होता, तो खाल्ला सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो फ्रेममधून काढला आणि काळ्या मार्करने, फोटोवरच, खालच्या पेट्यांवरून सलग लिहिलं, 'या सैनिकांना आमच्या शहरात फक्त मंगळवारी आणि गुरुवारी पिता येत असे, कारण ते काळे होते.' इंग्रजीत, ठळक. "आता कट करता येणार नाही, ताई," ती म्हणाली. मी तो त्या इतिहासवाल्यांकडे पोचवून आले. आठवड्याभरात परत आला, सोबत सुंदर कार्ड, 'दुर्दैवाने फोटो आता खराब झाला आहे.' खराब! मी ते कार्ड तिथल्या तिथे फाडलं.

रीमाने काकांचं घर अजून विकलेलं नाही. तो फोटो तिने पुढच्या खोलीच्या खिडकीत, काचेला टेकवून, रस्त्याकडे तोंड करून ठेवलाय. समोरच बसस्टॉप आहे. परवा मी तिथे उभी होते. शेजारी शॉपिंगची पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई बराच वेळ खिडकीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शुअर्ली नॉट हिअर, लव्ह?"

मी तिला पबचं नाव सांगितलं. तिची बस आली, दार उघडलं, बंद झालं, बस तिला न घेताच गेली. "आमच्या लग्नाची पार्टी तिथेच झाली होती," ती म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवली.