कॅमेऱ्याला घातलेला हार

"आला बगा वाघ!" म्हणत मामा जमिनीवर हात टेकायचे आणि रांगायला लागायचे. साठीला आलेला माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, गुडघ्यांना चिखल. जंगलात झाडाला कॅमेरा बांधला, की त्याच्यासमोरून जनावराच्या उंचीनं कुणीतरी सरकून बघावं लागतं. फोटो निघाला तर कॅमेरा चालू. बाकीची माणसं नुसता हात हलवून मोकळी होतात. मामा मात्र मान खाली घालून, खांदे डुलवत, मध्येच थांबून कॅमेऱ्याकडे तिरकं बघत असे चालायचे, की सोबतच्या माणसांना हसू आवरत नसे.

राधानगरीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले हे मामा. आमच्या संस्थेसाठी जंगलात कॅमेरे बांधायचे आणि पंधरा दिवसांनी त्यातली कार्डं बदलून आणायचे. मी राजारामपुरीत, एका दाताच्या दवाखान्यावरच्या ऑफिसात बसून ती कार्डं बघायची. प्रत्येक कार्डावर पहिले पाच-सहा फोटो मामांचे, चार पायांवर. मग गवे, भेकरं, साळिंदर आणि लाकडाला निघालेल्या बायका. बायकांचे फोटो लगेच पुसायचे, असं मामांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "त्यास्नी इचारलंय व्हय आपण?" म्हणाले. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

खऱ्या वाघाला ते वाघ म्हणत नसत. पावणं म्हणत. कार्ड माझ्या टेबलावर ठेवताना दर वेळी एकच वाक्य: "पावणं आलं न्हाईत अजून. येतील की. त्यांचीच वाट हाय ती."

ती वाट म्हणजे वाडीच्या वरची खिंड. मामांनी लहानपणी तिथं गुरं राखली होती. त्या खिंडीत आता खाण होणार होती. आमचे साहेब मामांना म्हणाले, "या खिंडीतनं वाघ जातोय असा एक फोटो आणा. मग आपल्याला भांडता येईल." साहेब बोलून विसरले असतील. मामांनी ते असं धरलं, की पुढची दोन वर्षं त्यांना दुसरा विषय नव्हता. ते घरातल्या लग्नाला गेले तरी त्यांचं लक्ष खिंडीत.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला आम्ही ऑफिसात संगणकांची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडू, पेढे. तुमच्याही ऑफिसात होत असेल. तेवढ्यात मामांचा फोन आला. मी म्हटलं, "मामा, आज आमच्या मशिनींना सुट्टी."

"आन माझ्या मशिनीचं काय? खिंडीतल्या क्यामेऱ्याला एक हार घालू का, म्याडम? त्योबी राबतोय की बिचारा."

तोंडात पेढा होता. मी हसत म्हटलं, "घाला की!"

मामांनी दोन तासांची चढण चढून कॅमेऱ्याला कुंकू लावलं आणि झेंडूचा चांगला जाडजूड हार घातला. उन्हानं हार तापला, वाऱ्यानं हलला. समोर काहीतरी हलतंय म्हणून कॅमेरा फोटो काढत सुटला. दोन दिवसांत कार्ड भरलं आणि कॅमेरा आंधळा झाला. कार्ड बदलायला मामा गेले तेव्हा कॅमेऱ्याच्या समोरच्या ओल्या मातीत ठसे होते. ताजे, ताटलीएवढे. पावणं येऊन गेले होते.

ते कार्ड मी शेवटपर्यंत बघितलं. हजारो फोटो, सगळे झेंडूचे.

मामांनी ठशांचे मोबाइलवर फोटो काढून आणले होते. "ह्यावर भागत नाही," साहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "हार घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी तिथंच, मामांच्या शेजारच्या खुर्चीत होते. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग टोपी काढून हातात घेतली.

"कुनी न्हाय, सायेब. माझंच डोस्कं फिरलं."

खरं सांगून माझी नोकरी जाणार नव्हती, फार तर साहेब माझ्यावरही ओरडले असते. तरी मी खाली बघत बसले. साहेब गेल्यावर मी काय म्हटलं तेही सांगते. "मामा, जरा विचार करायला हवा होता तुम्ही." हे मी म्हटलं. मामा म्हणाले, "व्हय, चुकलंच."

त्यानंतर त्यांनी रांगणं सोडलं. इतरांसारखा नुसता हात हलवायचे. कार्डावर पहिल्या फोटोत त्यांचा पंजा दिसायचा, बाकी काही नाही. पावण्यांचं वाक्यही बंद झालं. वाघ पुन्हा आला नाही. खाण मंजूर झाली आणि खिंडीतला कॅमेरा काढून आणा, असा निरोप मीच मामांना फोनवर दिला. त्यांनी कॅमेरा ऑफिसात आणून ठेवला, चहासुद्धा न घेता गेले. आतलं कार्ड बघायचं काही कारण नव्हतं. मी ते खणात टाकलं.

थंडीत मामा वारले. छातीत दुखलं, एवढंच कळलं. मी जाईन जाईन म्हणत गेले नाही. काय तोंडानं जाणार होते? आता खिंडीत डंपर चालतात.

परवा खण आवरताना ते कार्ड सापडलं. लावून बघितलं. कॅमेरा काढायला मामा सकाळी आठलाच पोचले होते. पण त्यांनी तो काढला नाही. वाटेच्या कडेला एका दगडावर बसले. नऊच्या फोटोत बसलेलेच आहेत. अकराच्या फोटोत टोपी गुडघ्यावर. एकच्या फोटोत भाकरी सोडलेली, पण खाल्लेली दिसत नाही. चारला ऊन त्यांच्या पाठीवर आलंय. सगळ्या फोटोंत ते खिंडीच्या वरच्या तोंडाकडे बघतायत, जिकडून पावणं यायचे. पाचच्या फोटोत कॅमेऱ्याकडे आलेला त्यांचा हात आहे, आणि कार्ड संपतं.

मी ते सगळे फोटो पुन्हा पुन्हा बघितले. एकाही फोटोत मामांनी माझ्याकडे बघितलेलं नाही.