डेक्लनचे केस

कॉर्कमध्ये कॉलेजच्या मागच्या चढावर नोनी ल्युसीचं घर होतं. कॉलेजची मुलं तिच्याकडे राहायला-जेवायला असत. नोनी विधवा, स्वतःचं मूलबाळ नाही, पण "मुलं किती?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "सध्या पाच, आणि भूक दहांची." जिन्यावर कोण चढतंय ते ती बुटांच्या आवाजावरून ओळखी आणि बटाटे त्याच्या भुकेच्या मापाने वाढी.

त्या मुलांपैकी डेक्लन टोबिन इंग्रजांविरुद्धच्या आयरिश स्वातंत्र्ययुद्धात गोळी लागून गेला. इंग्रजांशी तह झाल्यावर चार वर्षांनी, लढाईत मेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ जवळच्या चर्चमध्ये रंगीत काचांची खिडकी बसवायचं ठरलं आणि नोनीच्या पायाला भिंगरी लागली. बाजारात जाता-येता ती खिडकी करणाऱ्या मिस डेव्हॉय या चित्रकर्तीच्या कामाच्या जागी डोकावू लागली.

एके दिवशी भिंतीवर खिडकीचं पुरं चित्र लागलेलं दिसलं. तीन मुलं खांद्याला खांदा लावून उभी. मधला डेक्लन, डोक्यावर टोपी.

"ही टोपी काढा," नोनी म्हणाली.

खिडकीचं काम पाहणारे फादर ट्युही तिथेच होते. "सैनिक आहे तो, मिसेस ल्युसी. टोपी हवी."

"त्याची आई दर हिवाळ्यात टोपी विणून पाठवायची. टोपी माझ्या खुंटीवर आणि हा पावसात. आणि फादर, चर्चमध्ये टोपी घालून आलेल्याला तुम्हीच दारात अडवता. याला कायमचा टोपी घालून आत उभा करणार?"

फादरना खोकला आला. "पण केस लाल होते ना त्याचे? अगदी गाजरासारखे. वेदीशेजारी ते..."

"स्वर्गात लाल केसवाले घेत नसतील तर त्याचं अर्धं वॉटरफर्ड गाव फाटकाबाहेर उभं असेल." मग तिचा आवाज उतरला. "त्याच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. परवा भेटायला गेले होते, समोर बसले तरी माझा चेहरा तिला दिसला नाही. उजेड आणि रंग तेवढे कळतात. केस झाकलेत तर ती एवढ्या लांबून येऊन पाहणार काय?"

फादर बाजूला सरकले. मिस डेव्हॉयनी रबर उचललं.

अडचण पुढेच होती. चांदीचा लेप लावून भट्टीत भाजली की काच पिवळी होते, लाल होत नाही. पहिल्या भाजणीनंतर डेक्लनचे केस ताज्या लोण्यासारखे निघाले.

"हा कोण? डब्लिनचा कुणी गोरा साहेब दिसतोय," नोनी म्हणाली.

"पुन्हा लेप देऊन भाजली तर रंग चढेल. पण काच तडकू शकते. मग चेहराही गेला, आणि रविवारी अनावरण आहे," मिस डेव्हॉय म्हणाल्या.

नोनी म्हणाली, "भाजा."

भट्टी पूर्ण निवल्याशिवाय उघडायची नसते, गार वारा लागला तरी काच फुटते. नोनी किटली घेऊन तिथेच बसली. एकदा आत टक्‌कन वाजलं. दोघींनी पेले खाली ठेवले; चहा तसाच निवला. शेवटी झाकण उघडलं. तडकला होता तो शेजारच्या मुलाच्या कोटाचा हिरवा तुकडा; तो नवा करता येणार होता. डेक्लन शाबूत होता. मिस डेव्हॉयनी काच उजेडासमोर धरली आणि केस संत्र्याच्या मुरंब्यासारखे पेटले. नोनीने मिस डेव्हॉयना अशी मिठी मारली की काच हातातून थोडक्यात सुटायची राहिली.

रविवारी आभाळ भरलेलं. काळी शाल घेतलेल्या डेक्लनच्या आईचा, मिसेस टोबिनचा, हात धरून नोनी पुढच्या बाकाशी आली. बोट करून काही दाखवायचं नाही, तिचं तिला दिसू दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पडदा सरला. काचा मंद, राखाडी. मिसेस टोबिन मान वर करून नुसत्या उभ्या.

"अगं नोनी, लावली का खिडकी?"

तेवढ्यात बाहेर ढग हलला आणि खिडकीत रंग चढत गेला. आधी हिरवा, मग निळा, आणि मधोमध वर ती नारिंगी आग.

म्हातारीचा दुसरा हात शालीतून बाहेर आला. बोट थेट त्या ठिपक्याकडे गेलं.

"बघ मेल्याला," ती म्हणाली. "पुन्हा टोपी न घालता गेला."

"माझं तरी कुठे ऐकायचा," नोनी म्हणाली, आणि तिने म्हातारीचा हात घट्ट धरला.