दुपारी खाली सोडलेलं खाद्य

पाथर्डीपासून थोडं आत, माळावर आमचं कोंबड्यांचं शेड आहे. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते; आम्ही ती वाढवून परत करायची. कमी खाद्यात जास्त वजन, एवढाच सगळा खेळ. सुपरवायझरनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं की उन्हाळ्यात पक्ष्यांना पहाटे आणि ऊन उतरल्यावरच खाऊ घालायचं. मधल्या वेळात फीडर, म्हणजे खाद्याची टांगती भांडी, दोरीनं वर ओढून ठेवायचे. खाल्लेलं पचताना पक्ष्याच्या अंगात उष्णता वाढते. त्यात बाहेरचं ऊन. मग ते खाद्य वजनाला तर लागत नाहीच, पक्षीही हातचा जातो.

त्या मे महिन्यात पक्षी पस्तीस दिवसांचे, अंगानं जड झाले होते. एका पंख्याची मोटार जळाली, म्हणून आमचे हे ती घेऊन नगरला गेले. मला मुलीच्या दाखल्यासाठी तहसीलला जायचं होतं. निघताना मी फीडर वर ओढले आणि सासूबाईंना सांगितलं की चारपर्यंत खाली सोडू नका, फक्त पाण्यावर लक्ष ठेवा. त्यांनी मान हलवली.

परत आले तेव्हा दीड वाजला होता. जीपमधून फाट्यावर उतरून चालू लागले. एरवी शेडचा कलकलाट वळणावरूनच कानी यायचा. त्या दिवशी काहीच येईना. मी पळत सुटले.

दार उघडलं. सगळे फीडर खाली होते. पक्षी पंख पसरून, चोची वासून नुसते धापा टाकत होते. भिंतीकडचे काही आडवे झाले होते. वीज गेल्यामुळे दुसरा पंखाही बंद. सासूबाई पाठमोऱ्या, हातात रिकामं घमेलं घेऊन उभ्या होत्या.

मला ओरडायचं होतं. पण ओरडून चालणार नव्हतं. पक्षी दचकले की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि गुदमरतात. मी हळूहळू फीडर वर घेतले. नळीतलं पाणी हाताला चटका देत होतं, म्हणून ते सगळं सोडून दिलं आणि हौदातलं गार पाणी भरलं. सासूबाईंना पोती भिजवून जाळीवर टाकायला सांगितलं. मी फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि एका टोकापासून पाणी उडवत चालले. पुढे फवारावं तर मागचा पक्षी मान टाकायचा. सगळं शेड असंच संपणार, असं वाटत होतं.

पोतं टाकता टाकता सासूबाई बोलल्या. "लई वरडत हुती गं. उसाच्या फडात कोयता चालवायचे तवा माझी लेकरं भुकेनं अशीच वरडायची. मला न्हाई बघवलं."

मी पंप मारत राहिले.

साडेतीनच्या सुमाराला वीज आली. ऊन कलल्यावर एकेक पक्षी पाण्याकडे सरकू लागला. मेलेले गोळा केले तर तीन घमेली भरली. खड्डा खणून, चुना टाकून आम्ही दोघींनीच पुरले. बाकीचे वाचले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला. मेलेल्यांचा आकडा ऐकून त्यानं विचारलं, "फीडर वर होते ना?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर घट्ट धरला होता.

"मोटार जळाली होती, त्यात लाईट गेली," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यानं तसंच लिहून घेतलं.

त्यानंतर दुपारी शेडवर सासूबाईंना एकटं ठेवायची मला भीती वाटायची, आणि ती त्यांना कळत असणार याचीही. राहिलेल्या पक्ष्यांनी वजन चांगलं धरलं. आठवड्यानं पक्षी कापायला नेण्यासाठी कंपनीची गाडी भरायची ठरली, तेव्हा सासूबाई आदल्या दिवशीच बहिणीकडे निघून गेल्या.