कानकाकूंची वीणा

आमच्या कानकाकूंनी एकदा भर मे महिन्यात पाणी गार न करणारा माठ विकत आणला, तोही पारखून. माठ सगळेच वाजवून घेतात. काकूंनी दुकानातले झाडून सगळे वाजवले आणि स्वच्छ गंधार देणारा उचलला. तो भट्टीत इतका भाजलेला होता की पाझरेच ना. नागपूरच्या उन्हाळ्यात काका कोमट पाणी पिऊन वैतागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "पाणी फ्रिजातलं प्या ना. असा गंधार कुठं भेटते?"

लक्ष्मीनगरातल्या घरात काकू रुद्रवीणा शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे, पहिलं वर्षभर तिला हातच लावू द्यायच्या नाहीत! हिंगण्याच्या कंपनीतून दमूनभागून मी स्कूटीवर जायची आणि डोळे मिटून नुसती तंबोऱ्यासमोर बसायची. त्या एखादी खुंटी जराशी फिरवायच्या आणि विचारायच्या, "चढली का उतरली?" चुकलं की म्हणायच्या, "कानात नाही ते तारेत कुठून आणशील वं?" मला मनातून भारी राग यायचा.

एकदा मी हळूच मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप लावलं. हिरवा दिवा लागला की तार जुळली, इतकं सोपं. काकूंनी ते पाहिलं. "तार लावून राहिली का सिग्नल सुटाची वाट पाहून राहिली?" मोबाइल गेला तांदळाच्या डब्यात, आणि शिकवणी संपेपर्यंत तिथेच राहिला.

अशा या काकूंना पुढे कमी ऐकू येऊ लागलं. त्यांनी ते लपवलं नाही. कानात मशीन बसवलं आणि पहिल्याच दिवशी काढून ठेवलं. "सारे सूर पत्र्यावर पडल्यासारखे वाटतात," म्हणाल्या. नाशिकची लेक कधीची बोलवत होती. काकूंचा पाय मात्र निघत नव्हता. "मी गेली तर तुमचे कान कोण पाहीन?" हा एकच घोर. शेवटी लेकीने तिकिटंच काढली. जाण्याआधी एकदा शिष्यांसमोर वाजवते, असं काकूंनी जाहीर केलं आणि आम्हालाच धडकी भरली.

त्या संध्याकाळी दिवाणखाना भरला होता. काकूंनी वीणा माझ्या मांडीवर दिली. "लाव." मी हळूहळू खुंटी फिरवू लागले. दोन तारा जुळायला आल्या की आवाजात लाट उठते, जुळल्या की ती थांबते. काकू वीणेच्या भोपळ्यावर तळवा ठेवून ती लाट हाताने ऐकत होत्या. ती थांबली तशी मान डोलावली. "आता समोर बस अन् ऐक."

त्या वाजवू लागल्या. तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेताना त्यांची नजर ना तारेवर होती, ना लोकांवर. ती माझ्या चेहऱ्यावर होती. मला ते तेव्हा कळलंच नाही, मी ऐकण्यात बुडाले होते. काय वाजवलं म्हणून सांगू! काका तर दोन्ही गुडघ्यांवर ताल धरून बसले होते.

बैठक संपल्यावर काकूंनी मला जवळ ओढलं. "मधात एकदा तुझं तोंड वाकडं झालं होतं वं."

"नाही हो काकू!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"खोटं नको बोलू. माझा निषाद उतरला होता. तुझं तोंड पाहूनच वर ओढला मी त्याले." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मला रडूच फुटलं. माझा गाल थोपटत म्हणाल्या, "आता बिनघोर जाते मी नाशिकले."