दोनशे केबीत बसवलेला दाखला

‘दस्तऐवज अस्पष्ट. पुन्हा अपलोड करा.’ एवढंच. कुठला शब्द दिसला नाही, कोणाला दिसला नाही, काही नाही.

मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. जागा राखीव, त्यामुळे जात पडताळणीचे पुरावे शुक्रवारपर्यंत साइटवर चढले नाहीत तर ती हातची जाणार होती. माझ्या यादीतल्या बाकी सगळ्या कागदांवर बरोबरची खूण झाली होती. अडलं होतं माझ्या सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर. ते पन्नासच्या आधी देवरूखकडच्या आमच्या गावच्या शाळेत गेले. छप्पन्न साली घर बौद्ध झालं आणि पुढच्या प्रत्येक कागदावर बौद्ध असंच लागलं. पडताळणीला मात्र त्याच्या आधीची जात लिहिलेली दिसावी लागते. तसा कागद आमच्या घरात एकच. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय, दुसरा उतारा मिळायचा प्रश्नच नाही.

तो दाखला मुंबईला मोठ्या दिरांकडे असतो. मूळ कागद थोरल्याकडे, ही आमच्याकडची पद्धत. ज्याला लागेल त्याला फोटो मिळतो, कागद उंबरा ओलांडत नाही. दिरांनी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ऑनलाइन अर्ज भरून देतात. दुकानदार खूश झाला.

“वा ताई, ऐंशी केबी! लगेच चढेल.”

लगेच चढली आणि लगेच परत आली. ग्रुपवर टाकलेला फोटो वाटेतच चेपला जातो हे त्याला माहीत असायला हवं होतं. फाईल लहान म्हणजे चांगली, हा हिशेब त्याने कुठून काढला कोण जाणे. मी दिरांना फोन लावला.

“भाऊजी, फोटो धुरकट आलाय.”

“शक्यच नाय. एकशे अठ्ठावीस जीबीचा फोन आहे माझा!”

“ते कपाट केवढं त्याचा आकडा झाला. आतला कागद वाचता येतो की नाही, त्याचा नव्हे.”

“तुझं आपलं कायतरी असतं.”

“फोटो म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी सांगते कुठे दाबायचं.”

पाठवला त्यांनी, कुरकुरत. तीन पॉइंट आठ एमबी. आता साइट म्हणाली, फाईल मर्यादेपेक्षा मोठी, कमाल दोनशे केबी. आमच्या ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“अगो, तीन पॉइंट आठच तर आहे. दोनशेपेक्षा कमीच की!”

“अहो, एमबी आहेत ते. कोणी तीन खंडी भात म्हटलं असतं, तर तुमची आई दोनशे शेरांपेक्षा कमी म्हणाली असती का?”

“भात डोळ्यांना दिसतो तरी,” असं म्हणून ते चहा ठेवायला निघून गेले.

त्यांना नंतर नीट सांगितलं, इथेही सांगते. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. कोणी एक हजार चोवीस धरतात, आपल्या कामाला फरक पडत नाही. हजार एमबींचा एक जीबी. म्हणजे माझ्या हातातली फाईल होती अडतीसशे केबींची आणि दार होतं दोनशेचं. एकोणीस भागांतला एक भाग ठेवायचा आणि तरी अक्षर वाचता आलं पाहिजे.

फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने एक बटण दाबलं आणि ती एकशे नव्वदवर आणली. अक्षरांच्या मुंग्या झाल्या.

“दोनशेत एवढंच येणार, ताई. सगळ्यांचं असंच येतं.”

“मग सगळेच परत येत असतील.”

“येतात ना,” तो शांतपणे म्हणाला. “परत दुरुस्तीला माझ्याकडेच येतात.”

मी पेन ड्राइव्ह उपटला आणि घरी आले. इतका राग मला बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्याच्यावर थोडा, बाकी सगळा त्या दोनशेवर. नव्या, छापील कागदाला दोनशे केबी पुरून उरतात. पण हा नियम ठरवणाऱ्यांपैकी कोणाला आपल्या आजोबांचा फिकट शाईचा दाखला कुणापुढे धरावा लागला असेल? आमच्याकडे पन्नासच्या आधीचं लेखी मागायचं आणि ते मावायला काड्यापेटीएवढी जागा द्यायची! वर म्हणायचं, अस्पष्ट.

ती मोठी फाईल मी पहिल्यांदाच लॅपटॉपवर पूर्ण उघडली. तोवर आम्ही सगळे मोबाइलवर दाखलाच तेवढा मोठा करून बघत होतो. आणि मग कळलं अडतीसशे केबी कशात गेले होते ते.

दिरांकडे दाखला पेटीतून काढला की आधी तसबिरींपुढे ठेवतात. मग हात जोडतात, मग फोटो. माझी सासू तसंच करायची. फोटोत वर तसबिरी होत्या, त्यांना ताजा झेंडूचा हार, भोवती रंगीत दिव्यांची माळ, दोन मेणबत्त्या, विणलेला रुमाल. दाखला खाली, जेमतेम पाव भागात. झेंडूची पाकळी न्‌ पाकळी आणि दिवा न्‌ दिवा फाईलमध्ये जागा खात होता. यंत्राला काय माहीत यातला पुरावा कुठला! दुकानदाराने दाबलं तेव्हा हारही दबला आणि अक्षरंही, सारखीच.

मग काम सोपं होतं. दाखल्याच्या कडेने चौकट ओढायची, बाकीचं कापायचं. रंग काढून करडं करायचं. मग किंचित लहान. प्रत्येक पायरीला शब्द मोठा करून तपासायचा.

चौकट ओढली आणि माझा हात थांबला. तसबिरी जाणार, हार जाणार, दिवे जाणार. ज्या शब्दातून सासरे बाहेर पडले, जो त्यांनी पुन्हा कधी तोंडातून काढला नाही, तो शब्द तेवढा राहणार. आणि तो मला आणखी ठळक करायचा होता, त्यांच्या नातीसाठी.

कापलं. एकशे ब्याऐंशी केबी. शब्द लख्ख वाचता येत होता.

मुदतीच्या आत चढलं, स्वीकारलं गेलं, मुलीची जागा राहिली. ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली. मी चढवलेली फाईल दिरांनी मागून घेतली आणि त्यांचा फोन आला.

“तसबिरी का कापल्यास गो?”

“त्यांना तेवढंच हवं होतं, भाऊजी.”

ते म्हणाले, “पुढच्या वेळी मीच नुसता कागद काढून देतो.”

“नको. तुम्ही तसाच काढा, तसबिरींपुढे. कापायचं माझं मी बघेन.”

अख्खा फोटो मी ठेवलाय, तीन पॉइंट आठ एमबींचा, तीन ठिकाणी. मोबाइल सारखा सांगतो, जागा भरली, मोठ्या फाईली काढून टाका. मी दुसरं काहीतरी काढते.